गाडीचा मास्क : तेलाचा की कोरडा?

समजा, घरात नवी गाडी आली आणि बाबांची जुनी स्विफ्ट तुमच्या ताब्यात आली. पहिला आठवडा सीट कव्हर आणि स्पीकर बदलण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात एखादा गाडीवेडा मित्र बॉनेट उघडतो, आत डोकावतो आणि डॉक्टरसारखा चेहरा करून सांगतो, ‘‘स्टॉक फिल्टर? काढून टाक. तेलवाला बसव, मग बघ पिकअप!’’ तेवढ्यात दुसरा म्हणतो, ‘‘तेलवाला नको रे, सेन्सर जातो. ड्राय घे.’’ मग दोघं तासभर भांडतात. तुम्ही मध्ये उभे. खिशात सहा-सात हजार रुपये, तेही दिवाळीचे आणि वाढदिवसाचे मिळून साठलेले.

हे भांडण मी गेल्या वर्षभरात कॉलेजच्या पार्किंगमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं, एकदा नीट शोधूच. मी मास कॉमची. बारावीनंतर फिजिक्सला रामराम ठोकला होता. तरी हा विषय जेवढा इंजिनाचा आहे तेवढाच आपल्या रस्त्यांचा आणि आपल्या आळसाचा आहे, त्यामुळे मलाही झेपला. तुम्हालाही झेपेल.

एका लिटरला नऊ हजार लिटर

आधी एक आकडा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे हवा अकरा किलो. हवेच्या आकारमानात सांगायचं तर एका लिटर पेट्रोलमागे तुमची गाडी सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढते. वीसचं अ‍ॅव्हरेज धरा. दहा हजार किलोमीटरला पाचशे लिटर पेट्रोल आणि ४५ लाख लिटर हवा. ही सगळी हवा एका वहीएवढ्या, घड्या घातलेल्या तुकड्यातून जाते. तोच एअर फिल्टर.

त्याचं काम एकच, धूळ अडवणं. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका असते, म्हणजे क्वार्ट्झ. ती सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कडक असते. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याच्या जाडीइतके किंवा किंचित मोठे कण सगळ्यात वाईट. पाच ते वीस मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. हे कण आत शिरले की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. लगेच काहीच दिसत नाही. मग एक दिवस गाडी ऑइल खायला लागते, मागून निळा धूर येतो आणि मिस्त्री सांगतो, ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल.’ तो खर्च हजारांत नसतो, अनेक दहा हजारांत असतो. तुमची निम्म्या वर्षाची फी त्यात जाऊ शकते.

म्हणून ‘कुठला फिल्टर जास्त पॉवर देतो?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘कुठला फिल्टर माझ्या रस्त्यावरची धूळ अडवतो?’

चाळणी नाही, घाट

फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, मोठा कण वर राहतो आणि बारीक खाली पडतो, असं आपल्याला वाटतं. थोडंफार तसं आहेही. पण फिल्टरचं बरंचसं काम घाटातल्या वळणांसारखं चालतं. हवा धाग्यांमधून नागमोडी जाते. हवेला वळता येतं. जड कणाला वेगामुळे वळता येत नाही, तो थेट धाग्यावर जाऊन आदळतो. घाटात सुसाट आलेला कठड्याला लागतो ना, तसं. अगदी बारीक कण वेगळ्याच कारणाने अडकतात. ते सरळ जातच नाहीत, इकडेतिकडे धडपडत भटकतात आणि कुठे ना कुठे धाग्याला चिकटतात. म्हणून फिल्टरच्या छिद्रांपेक्षा लहान कणही पकडले जातात. कोविडच्या काळात आपण एन-९५ घालायचो, तोही असाच चालायचा.

आता कागदी फिल्टरमध्ये वळणं खूप आणि जागा कमी. त्यामुळे तो धूळ चांगली पकडतो. हवेला मात्र थोडा जास्त जोर लावावा लागतो. सुती जाळीच्या फिल्टरमध्ये धाग्यांमधली जागा मोठी. हवा मोकळी जाते, पण धूळही मोकळी जाईल. म्हणून त्या धाग्यांना चिकट तेल लावतात. आपल्याकडे माशा पकडायचा चिकट कागद मिळतो, तेच तत्त्व. कण आदळला की परत सुटत नाही.

ही तेलाची युक्ती नवी नाही. तुमच्यापैकी कुणाच्या शेतात जुना ट्रॅक्टर असेल तर त्याच्या बाजूला एक गोल डबा पाहिला असेल, खाली तेल भरलेला. ऑइल बाथ एअर क्लीनर. आत ओढलेली हवा तेलावर आपटून वळते आणि धूळ तेलात बसते. काका लोक तो डबा उघडून तळाचा चिखल काढतात आणि नवं तेल भरतात. जुन्या जीपलाही असाच असायचा. पुढे गाड्यांमध्ये घड्यांचा कागद आला आणि तेल मागे पडलं. ते फॅशनमध्ये परत आणलं रेसिंगवाल्यांनी. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये १९६९ साली केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड यांनी सुरू केलेली ‘के अँड एन’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. दोघांच्या नावांची पहिली अक्षरं, म्हणून के आणि एन. सुती कापडाचे थर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि वरून लाल तेल. धुवा, तेल लावा, परत वापरा. तुमचा पहिला मित्र ज्याच्या प्रेमात आहे तो हाच प्रकार.

९९ आणि ९७

फिल्टर तपासायची एक जागतिक पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरलेल्या मापाची धूळ फिल्टरवर सोडायची, किती अडली, किती पार गेली, हवेला किती अडथळा झाला आणि फिल्टर तुंबेपर्यंत त्याने एकूण किती धूळ पोटात घेतली, हे मोजायचं. ही धूळ ‘अ‍ॅरिझोना टेस्ट डस्ट’ या नावाने ओळखली जाते. वाळवंटातली धूळ पाकिटबंद विकली जाते, हे कळल्यावर मला गंमत वाटली. आपल्याकडे ती फुकट मिळते.

या चाचणीत चांगला कागदी फिल्टर ९९ टक्के किंवा त्याहून जास्त धूळ अडवतो. तेलाचे सुती फिल्टर विकणाऱ्या कंपन्या स्वतःच ९६ ते ९९ टक्के असा पट्टा सांगतात. दोन-तीन टक्क्यांचा तर फरक! इंटर्नलमध्ये ९७ पडले काय आणि ९९ पडले काय, दोन्ही डिस्टिंक्शनच. पण इथे उलट बाजूने बघायचं असतं. इंजिनाला अडलेल्या धुळीशी काही देणंघेणं नाही, त्याला पार गेलेली धूळ भोगावी लागते. ९९ म्हणजे शंभरातला एक भाग आत. ९७ म्हणजे तीन भाग आत. म्हणजे तिप्पट.

घाबरण्याआधी पुढचं गणितही करू. आपल्या देशात हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. समजा, तुमच्या शहराच्या रस्त्यावर ती दुप्पट आहे, २००. दहा हजार किलोमीटरच्या ४५ लाख लिटर हवेत मग धूळ किती? जेमतेम एक ग्रॅम. त्याहून जाड धूळ वेगळी, ती धरली तर आकडा वाढेल. पण या एका ग्रॅममधला एक टक्का म्हणजे ९ मिलिग्रॅम आणि तीन टक्के म्हणजे २७ मिलिग्रॅम. वर्षभरात. कर्वे रोड ते विमाननगर किंवा ठाणे ते पवई एवढंच चालवणाऱ्याच्या इंजिनाला या फरकाने फारसं काही होत नाही. तेलाचा फिल्टर लावल्यावर इंजिन खलास, असं म्हणणारेही अतिशयोक्तीच करतात.

आता रस्ता बदला. तुमचं गाव मुख्य रस्त्यापासून आठ किलोमीटर आत आहे आणि पुढे उसाची ट्रॉली चाललीय. किंवा वाटेत खडी क्रशर आहे. किंवा कोकणातला रस्ता आणि जांभ्याचा तो लाल फुफाटा. धूळ पन्नासपट धरली तर तोच एक ग्रॅम ४५ ग्रॅम होतो. एक टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम, तीन टक्के म्हणजे १.३५ ग्रॅम. आणि हे फक्त दहा हजार किलोमीटरचं. लाखभर किलोमीटरला साडेचार ग्रॅम विरुद्ध साडेतेरा ग्रॅम. पांढरी पावडर नव्हे, पॉलिश पेपरची पूड. इथे तो तिप्पटीचा हिशोब खरा होतो. वरचे आकडे ‘समजा’वाले आहेत, पण अंदाज त्यातून येतो.

त्यामुळे माझ्या मते पहिला निकष रस्ता. तेल की कोरडा, हे नंतर.

आणि पिकअप?

इथे जरा वाईट बातमी आहे. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे मुळात हवेचा नळ. पाय हलका असताना थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते आणि हवेला खरा अडथळा तिचाच. दार अर्धवट लावलेलं असताना खिडकीची जाळी बदलून खोलीत किती वारं येणार? फिल्टरचा अडथळा जाणवायला लागतो तो पाय पूर्ण दाबल्यावर, तेही इंजिन वरच्या आरपीएमला ओरडत असताना. सिग्नल ते सिग्नलमध्ये ती वेळ येतेच किती?

अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली हे मोजलं. मुद्दाम तुंबवलेला फिल्टर आणि नवा फिल्टर यांची तुलना केली. आधुनिक, फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये तुंबलेल्या फिल्टरने अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हवा कमी आली तर गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. वेग घ्यायला लागणारा वेळ मात्र नवा फिल्टर घातल्यावर ६ ते ११ टक्के सुधारला. म्हणजे पिकअप वाढतो, हे खरं. पण लक्षात घ्या, ही तुलना तुंबलेला विरुद्ध नवा अशी आहे. साधा विरुद्ध महाग अशी नाही. मित्राने पाच हजारांचा फिल्टर टाकल्यावर गाडी ‘उडायला’ लागली असेल, तर आधी त्याचा जुना फिल्टर किती वर्षं बदलला नव्हता ते विचारा. कदाचित चारशे रुपयांच्या फिल्टरनेही ती तेवढीच उडाली असती.

मग त्याला तो जोर जाणवतो कसा? कानाने. मोकळ्या फिल्टरमधून हवा ओढल्याचा घुमारा वाढतो आणि आवाज वाढला की आपल्याला वेग वाढल्यासारखा वाटतो. आवाज आवडतो म्हणून फिल्टर घेतला असं कुणी सरळ सांगितलं तर मी त्याला मान देईन. ते प्रामाणिक कारण आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे फिल्टरचा डबाच काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावायचा. इथे मात्र गडबड आहे. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा ओढतो. उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. अकरावीतला चार्ल्सचा नियम आठवा. ३० अंशांची हवा ५० अंशांना गेली तर ती सहा टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे पैसे देऊन सहा टक्के ऑक्सिजन कमी केला! यावर उपाय म्हणून काही जण लांब पाइप घालून फिल्टर खाली बंपरमागे नेतात, थंड हवेसाठी. कागदावर बरोबर. पण जुलैमध्ये मुंबईत, हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात तोच पाइप हवेऐवजी पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी भर घ्यावी लागते. कंपनीने हवेचं तोंड वर ठेवलंय ते उगाच नाही.

(कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममधले वाचत असाल तर तुमचं गणित वेगळं. तुमच्या नियमात पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या गोल छिद्रातून न्यावी लागते, साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या. आणि ते इंजिन तुम्ही सीझननंतर उघडताही. बाबांची स्विफ्ट अजून लाखभर किलोमीटर न उघडता चालायची आहे.)

धुणार कोण?

तेलाचा फिल्टर ‘आयुष्यभर’ चालतो, अशी त्याची जाहिरात असते. चालतोही. पण कुणाच्या हातात, यावर सगळं आहे. रीत अशी : फिल्टर काढा, हलकेच आपटून सुटी धूळ झाडा. त्याच्या किटमधला क्लीनर फवारा, दहा मिनिटं ठेवा. मग आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर येईल असं पाणी सोडा, हलक्या धारेने. नंतर सावलीत आपोआप वाळू द्या. हेअर ड्रायर नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीवर तेलाची एक रेघ, वीस मिनिटं थांबा, फिकट राहिलेल्या जागी परत थोडं तेल. सगळीकडे एकसारखा रंग आला की झालं.

वाचायला सोपं आहे. आता हॉस्टेलच्या बाथरूममध्ये, ऑगस्टमध्ये, हे करून बघा. जिथे जीन्स तीन दिवस वाळत नाही तिथे सुती घड्यांचे थर कधी वाळणार? आणि तोवर गाडी उभी. ओला फिल्टर बसवायचा नाही आणि फिल्टरशिवाय चालवायची तर अजिबातच नाही.

तेल कमी पडलं तर उरते ती मोठ्या छिद्रांची नुसती जाळी, आणि मग ते ९७ टक्केही विसरा. जास्त झालं तर दुसरी भानगड. दुसऱ्या मित्राने जे सांगितलं ते हेच. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, फिल्टरच्या लगेच पुढे मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्यात एक बारीक तापलेला घटक असतो. हवा त्याला थंड करते आणि तो तापता ठेवायला किती वीज लागली यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. त्यावर तेलाचा थर बसला, त्या थरावर धूळ बसली, की मोजमाप चुकतं. गाडी अडखळते, चेक इंजिनचा दिवा लागतो. फिल्टर कंपन्या म्हणतात की नीट तेल लावलेला फिल्टर तेल सोडत नाही आणि त्यात तथ्य आहे. पण ‘नीट’ हा शब्द पहिल्यांदाच तेल लावणाऱ्याच्या हातात कितपत राहतो? ‘थोडं जास्त टाकू, बरं असतं’ ही आपली तेलाबाबतची जुनी सवय, वड्यापासून चेनपर्यंत. छोट्या पेट्रोल गाड्यांपैकी अनेकांत हा सेन्सर नसतो, त्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा काढतात. त्यामुळे घेण्याआधी आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे ते सर्व्हिस सेंटरला विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर तेही लेखी विचारून ठेवा.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो गॅरेजमध्ये. तेलाचा फिल्टर पाहून हेल्पर पोरगा तो पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुचकळतो, हवा मारतो आणि हाताशी असलेलं इंजिन ऑइल चोपडतो. तीनही गोष्टी चुकीच्या. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गाडी सर्व्हिसिंगला टाकून तुम्ही लेक्चरला जाणार असाल तर हा फिल्टर तुमच्यासाठी नाही.

कुठला ड्राय?

‘ड्राय घे’ म्हणणाऱ्या मित्रालाही एक प्रश्न विचारा, कुठला ड्राय? कारण कोरडे दोन प्रकारचे. एक आपला साधा कागदी, कंपनीने दिलेला. दुसरा सिंथेटिक धाग्यांचा, धुवून वापरायचा पण तेल न लावायचा. एईएमचा ‘ड्रायफ्लो’ त्यातलाच. गंमत म्हणजे एईएम इंडक्शन ही के अँड एनच्याच मालकीची आहे. तेलाचा झेंडा मिरवणारी कंपनी कोरडाही विकते. दोन्ही मित्रांना हे सांगा, भांडण जरा शांत होईल.

धुता येणाऱ्या कोरड्या फिल्टरचा फायदा उघड आहे. तेल नाही, त्यामुळे तेल कमी-जास्त होण्याचा प्रश्न नाही आणि सेन्सरची भीती नाही. पण किंमत तेलवाल्याच्या आसपासच, सगळ्या गाड्यांसाठी मिळत नाही आणि वाळवायचा त्रास आहेच. ज्याला महागाचा, परत वापरायचा फिल्टर हवाच आहे, त्याला मी तेलाआधी हा सुचवेन.

पैशांचंही बोलू. छोट्या गाडीचा कागदी फिल्टर चारशेच्या आसपास येतो. बाहेरून आलेला तेलाचा पॅनेल फिल्टर साडेपाच हजार धरा, वर क्लीनर-तेलाचं किट दीड हजार. झाले सात हजार. त्यात सतरा कागदी फिल्टर येतात. दर वीस हजार किलोमीटरला एक बदलला तरी साडेतीन लाख किलोमीटर. तोवर ती स्विफ्ट तुमच्याकडे नसेल. कचरा कमी होतो म्हणून धुता येणारा घ्यावा, हा मुद्दा मला आधी पटला होता. पण तेल-क्लीनरचं लाल पाणी मोरीतून कुठे जातं हा विचार केल्यावर तो तेवढा भक्कम वाटेना.

कागदीचं एक वैशिष्ट्य क्वचितच कुणी सांगतं. तो वापरताना सुधारतो. घड्यांवर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची धूळ अडवायला लागतो. त्यामुळे थोडासा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो. हवेला अडथळा अर्थातच वाढत जातो आणि एका टप्प्यावर तो बदलावाच लागतो. तो टप्पा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, आणि धुळीच्या रस्त्यासाठी वेगळा, कमी किलोमीटरचा. बहुतेक जण पहिला आकडा वाचतात. आपला दुसरा. आणि दर सर्व्हिसिंगला ‘हवा मारून देतो’ म्हणतात ना, त्याला जपून. जोरदार हवेने कागदाला बारीक चिरा पडतात. दिसायला फिल्टर चकाचक, पण मधून धुळीला सरळ वाट.

मग कुणी काय घ्यावं? शहरात फिरणारे, हॉस्टेलला राहणारे, गाडी गॅरेजवर सोडून येणारे : कागदी, चांगल्या कंपनीचा, वेळेवर बदललेला. गावाकडचा कच्चा रस्ता, क्रशर, एमआयडीसीत सतत चाललेली खोदकामं : कागदीच, आणि ठरल्यापेक्षा लवकर बदललेला. ज्याला गाडीवर स्वतः हात काळे करायला आवडतात, रविवार मोकळा आहे, घराला गच्ची आहे आणि रस्ता बहुतेक डांबरी आहे, त्याने धुता येणारा कोरडा घ्यावा. हट्टच असेल तर तेलाचा, पण कंपनीच्या डब्यात बसणारा सपाट पॅनेल. उघडा शंकू नको.

गाडी नाही, अ‍ॅक्टिव्हा आहे? मग तुमच्याकडे कदाचित आधीच तेलाचा फिल्टर आहे. होंडाच्या अनेक दुचाकींत चिकट द्रव लावलेला कागदी फिल्टर येतो. हात लावला तर ओशट लागतो. तो साफ करायचाच नसतो, मुदत झाली की बदलायचा. त्यावर हवा मारली किंवा तो धुतला की तो चिकटपणा जातो आणि फिल्टरचा उपयोग संपतो. पुढच्या वेळी मेकॅनिक हवेची नळी उचलेल तेव्हा त्याला थांबवा.

राहिली बसवण्याची गोष्ट, जी तेल आणि कोरड्याच्या भांडणात सगळे विसरतात. फिल्टरला कडेने रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती डब्याच्या खाचेत सगळीकडून बसली नाही, किंवा डब्याची एक क्लिप तुटलीय म्हणून झाकण एका कोपऱ्यात उचललेलं राहिलं, तर हवा त्या फटीतून जाईल. फिल्टर मग ९९ टक्क्यांचा असो की ९७ चा, त्याच्यातून हवाच जात नाही. तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद आणि थंड असताना डबा उघडा, फिल्टर उचला आणि त्याच्या पलीकडची, इंजिनाकडे जाणारी बाजू पांढऱ्या रुमालाने पुसा. सेन्सर असेल तर त्याला हात लावू नका. रुमाल स्वच्छ निघाला तर फिल्टर कुठलाही असो, तो काम करतोय. करडी धूळ लागली तर नवा फिल्टर शोधण्याआधी ती रबराची कड बोटाने चाचपा आणि क्लिपा मोजा.